धुराचं धुणं

त्याला सगळे धुणेवाला म्हणत. खरं तर त्याने आयुष्यात कधी स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता, आणि त्याची बायको ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकून सांगायची. पण वीजकेंद्रात त्याचं काम होतं धूर धुण्याचं. तो नवीन लागला तेव्हा कोपऱ्यावरच्या चहावाल्याने एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "काय धुणेवाले, आजचा धूर पिळून वाळत घातला का?" लोक हसले, आणि ते नाव त्याला चिकटलं ते कायमचंच. मनातून त्यालाही ते आवडायचं. बापाला लोक 'काळ्या' म्हणायचे, त्यापेक्षा हे बरं.

बाप त्याच केंद्रात कोळसा उतरवायचा. त्या काळी धूर कोणी धूत नव्हतं. कोळशातलं गंधक जळून धुराड्यातून बाहेर पडायचं आणि वारा पडला की तसंच खाली गावावर बसायचं. घशात खवखव, डोळ्यांत चुरचुर, झाडांच्या पानांना भाजल्यासारखे डाग. बायका धुणं घरातच वाळवायच्या. बाप खोकत खोकत गेला, पण तेव्हा तसं बरेचजण जात, त्यामुळे त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. आई त्याआधीच गेलेली. मागे राहिले दोन भाऊ. मोठ्याला नुकतं मिसरूड फुटत होतं, धाकटा, म्हणजे आपला धुणेवाला, अजून पाटीवर अक्षरं गिरवत होता.

मोठ्याने, म्हणजे दादाने, बापाच्या जागी कामावर जायला साफ नकार दिला. "मी कोळशाला हात लावणार नाही," म्हणाला, आणि जाळं घेऊन तळ्यावर गेला. हे तळं केंद्रानेच बांधलेलं होतं, यंत्रं थंड करायला. केंद्रातून सुटलेलं कोमट पाणी त्यात येई, आणि कोमट पाण्यात मासे असे फोफावत की दादाची होडी कधी रिकामी परतली नाही. त्या माशांवर दादाने धाकट्याला वाढवला, तांत्रिक शाळेत घातला, त्याचं लग्न करून दिलं. स्वतःचं लग्न मात्र उशिरा केलं. मूलबाळ झालं नाही. वहिनी म्हणायची, "आम्हाला एक मुलगा मिळाला की आयता, मिशा फुटलेला." धाकटा लाजायचा आणि ताट पुढे करायचा.

घर एकच होतं, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. ओटा मात्र सामाईक. त्या ओट्यावर दादा संध्याकाळी जाळं विणत बसे, आणि धाकट्याची मुलगी त्याच्या अवतीभवती गरगरत असे. तिला सगळे भिंगरी म्हणत. पण भिंगरी फार फिरू शकत नसे. जरा धावली की छातीत शिट्ट्या वाजायला लागत आणि ओठ निळसर पडत. मग दादा तिला मांडीवर घेऊन पाठ चोळत बसायचा आणि धुराड्याकडे बघून शिव्या द्यायचा. त्या शिव्या पोरीला पाठ झाल्या होत्या.

अखेर सरकारने कान पिळला म्हणा, की कंपनीलाच उपरती झाली म्हणा, धुराड्याशेजारी एक मोठा मनोरा उभा राहू लागला. त्याचं नाव स्क्रबर. धूर खालून आत यायचा, वरून शेकडो तोट्यांतून चुनखडी कालवलेलं पाणी त्याच्यावर कोसळायचं. कामगार त्या पाण्याला दूधच म्हणत. धुरातलं गंधक दुधात उतरायचं आणि त्याचं जिप्सम व्हायचं. ते पिळून, सुकवून भिंतीचे तक्ते करणाऱ्यांकडे जायचं. वर धुराड्यातून निघायची ती नुसती पांढरी वाफ.

या कामासाठी माणसं हवी होती. धाकट्याने अर्ज केला तेव्हा दादा दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "बाप कोळसा वाहायचा, तू निदान त्याचा धूर धुशील. जा." एवढं बोलून त्याने पुन्हा जाळ्यात मान घातली. त्याचा आशीर्वाद असाच असायचा.

त्या कामात धुणेवाला रमला. आधी त्याने कधी कुठल्या यंत्रावर जीव लावला नव्हता. पण इथे तोट्या तुंबल्या की त्याला करमत नसे. यंत्र बंद ठेवण्याच्या दिवसांत तो मनोऱ्यात उतरून भिंतीवर बसलेले चुन्याचे थर छिन्नीने काढायचा. बाहेर आला की भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरा. बायको म्हणायची, "तुमच्या वडिलांना आंघोळीनंतर ओळखायचे, तुम्हाला आंघोळीआधी ओळखत नाही." गावात फरक दिसायला वेळ लागला नाही. बायकांनी दोऱ्या बाहेर बांधल्या. लिंबाच्या झाडाला कधी नव्हे ती तुकतुकीत पालवी आली. आणि त्या वर्षी थंडीत भिंगरीला एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही. ती शाळेच्या मैदानावर धावण्याच्या शर्यतीत उतरली. पहिली-बिहिली आली नाही, शेवटून दुसरी आली, पण पूर्ण धावली. ओट्यावर त्या दिवशी वहिनीने मासे तळले आणि दादाने सगळ्यांसमोर धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

सगळं असं सुरळीत चाललं असताना एक दिवस दादा जाळं झटकत म्हणाला, "यंदा पिल्लं दिसत नाहीत."

"कसली?"

"माशांची रे. मोठे मासे आहेत, चांगले तेलकट आहेत. पण लहान एकही नाही. कडेच्या लव्हाळ्यात या दिवसांत नुसती वळवळ असते. यंदा पाणी बघ, काचेसारखं. आत काहीच नाही."

"मोठ्यांनी खाल्ली असतील."

"आजवर काय मोठे उपास करत होते?"

धुणेवाला हसला आणि विषय तिथेच राहिला. पुढच्या वर्षीही पिल्लं दिसली नाहीत. दादाने दुसरीकडून माशांचं बीज आणून सोडलं. ते वाढलं, पण त्या माशांना पिल्लं जवळजवळ झालीच नाहीत. झाली ती कशी, तर एका सकाळी दादाने तळव्यावर धरून दाखवली. पाठीचा कणा कोयत्यासारखा वाकलेला, डोळे खोबणीतून बाहेर आलेले. तशी चार-पाच. वहिनीने तोंडाला पदर लावला.

"तुम्ही लोक काय सोडता पाण्यात?" दादाने विचारलं.

धुणेवाल्याला तो प्रश्न झोंबला. काय सोडतात ते त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? तेच तेच पाणी मनोऱ्यात फिरवलं की त्यात क्षार साचतात आणि ते पोलाद खायला लागतात. म्हणून थोडं जुनं पाणी काढून नवं घ्यावं लागतं. काढलेलं पाणी आधी गाळाच्या तलावात, तिथून शुद्धीकरणात, मग तळ्यात. ते काढायचा व्हॉल्व्ह त्याच्याच ताब्यात होता. कंट्रोल रूममधून निरोप आला की तो जाऊन चाक फिरवायचा. तलावातून पुढे जाणारं पाणी त्याने कित्येकदा पाहिलं होतं. त्यात दुधाचा मागमूस नसे.

"स्वच्छ पाणी सोडतो आम्ही," तो म्हणाला. "रोग पडला असेल तुझ्या माशांवर."

"माझ्या माशांवर कधी रोग पडला नाही."

"मग तुझं वय झालं असेल."

हे बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.  त्या दिवसापासून दादा गावभर बोलायला लागला. चहाच्या टपरीवर, बाजारात, भेटेल त्याला. लोक ऐकत, मान डोलवत आणि दादाचे मासे घेणं टाळत. स्क्रबरवरही संशय घेऊ लागले. धुणेवाल्याला वाटलं, आपल्या भाकरीवर, आपल्या पोरीच्या श्वासावर, सगळ्यावरच हा घाला आहे, आणि घालणारा सख्खा भाऊ.

एका सुटीच्या सकाळी तळ्याच्या काठी बरीच माणसं जमली होती. दादा कुणाला तरी वाकडी पिल्लं दाखवत होता. धुणेवाला तिथे गेला तो तावातच. जिथे केंद्राचा पाट तळ्याला मिळतो, तिथे तो गुडघाभर पाण्यात उतरला, एकाच्या हातातला प्याला हिसकावून घेतला, काठोकाठ भरला आणि सगळ्यांना दाखवला. ऊन त्यातून आरपार जात होतं.

"बघा! यात काही दिसतंय? दिसतंय का कुणाला?" असं म्हणून त्याने तो एका दमात रिकामा केला. थोडं मचूळ लागलं. त्याने ओठ पुसले आणि दादाकडे वळून म्हणाला, "मेलो का मी? झाली का माझी पाठ वाकडी?"

लोक हसले. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. दादाने तळव्यातली पिल्लं हळूच पाण्यात सोडली, होडी ढकलली आणि एकटाच आत निघून गेला. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना धुणेवाल्याला आपण जिंकलो असं वाटलं. तसं त्याला पुन्हा कधी वाटलं नाही.

त्या दिवसापासून ओट्यावरचं बोलणं बंद झालं. भिंगरी तेवढी दोन्हीकडे जायची. एकदा ती काकाकडून एक डबा घेऊन आली. डब्यात वाकडा मासा होता. "काका म्हणाले, बाबांना दे. त्यांच्या ऑफिसात हुशार माणसं असतात, त्यांना विचार म्हणावं." धुणेवाल्याला वाटलं, बरं झालं, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. तो डबा घेऊन केंद्रातल्या प्रयोगशाळेत गेला.

तिथल्या मॅडम पाणी तपासायच्या. वयाने त्याच्याएवढ्याच, कमी बोलणाऱ्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेल्या. त्यांनी डबा उघडला, पाहिलं आणि झाकण परत लावलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. 

"कुठला रोग आहे, मॅडम?"

"रोग नाही. सेलेनियम आहे."

"ते काय असतं?"

"कोळशात असतं. अगदी कणभर. पारा असतो, तसंच हेही. पूर्वी धुराबरोबर वर जायचं, वाऱ्यावर कुठच्या कुठे पसरायचं. आता तुम्ही धूर धुता ना? मग ते पाण्यात उतरतं. वरून गेलं नाही म्हणजे नाहीसं झालं असं थोडंच आहे?"

"पण पाणी तर स्वच्छ असतं."

"मीठ विरघळलं की पाणी गढूळ होतं का?" त्या म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, "माशांच्या अंड्यांत ते साठतं. मोठा मासा दिसायला ठणठणीत, पण त्याचं पिल्लू असं जन्मतं. किंवा जन्मतच नाही."

"शुद्धीकरणात निघत नाही?"

मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या. खाली हिरव्या पत्र्याची एक मोठी टाकी होती. "त्या टाकीत जंतू होते," त्या म्हणाल्या. "चांगले जंतू. त्यांना मळी खायला घालायची, साखर कारखान्यातून निघते ती. ते जंतू पाण्यातलं सेलेनियम ओढून घ्यायचे. मागे एकदा मळी यायची थांबली आणि ते उपाशी मेले. पुन्हा वाढवायचे तर वेळ लागतो, तोवर स्क्रबर बंद ठेवावा लागेल. मी वर सांगितलं. पुन्हा सांगितलं. आता मी सांगायला गेले की ते चहा मागवतात."

"मग पाणी कुठून जातं?"

"टाकीला वळसा घालून. सरळ."

धुणेवाल्याने खाली टाकीकडे पाहिलं. रोज तो तिच्या शेजारून जायचा. ती गप्प झालेली त्याच्या कधी लक्षातच आली नव्हती. पूर्वी तिथे आंबूस-गोड वास यायचा, तो येईनासा झाला तेव्हा उलट बरंच वाटलं होतं.

तो तडक मोठ्या साहेबांकडे गेला. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, कामाची तारीफ केली आणि विचारलं, "तुझी मुलगी आता बरी आहे ना? छातीचा त्रास होता तिला."

"बरी आहे, साहेब."

"स्क्रबर बंद ठेवला तर बरी राहील?"

धुणेवाल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. साहेब मान वाकडी करून त्याच्याकडे खरोखरच्या काळजीने बघत होते. "टाकी आपण सुरू करणारच आहोत. जरा दम धर," असं म्हणून त्यांनी दारापर्यंत सोबत केली.

घरी येऊन त्याने दादाला ओट्यावर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. मळी, जंतू, टाकी, वळसा. शेवटी म्हणाला, "दादा, माझं चुकलं."

दादा जाळ्याची गाठ सोडवत होता. ती त्याने सोडवली. "मला सांगून काय उपयोग?" म्हणाला. "पाणी तू चारचौघांत प्यायलास. हेही चारचौघांत सांग."

आणि धुणेवाल्याने ते सांगितलं. दादाने केलेल्या तक्रारीवरून प्रदूषण खात्याचे अधिकारी गावात सभा घ्यायला आले तेव्हा तो शाळेच्या हॉलमध्ये उभा राहिला. त्या प्याल्यापासून सुरुवात करून टाकीच्या वळशापर्यंत सगळं बोलला. प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनीही खोटं सांगितलं नाही. त्यांची पुढच्याच महिन्यात दूरच्या केंद्रात बदली झाली. अधिकाऱ्यांनी हुकूम काढला: टाकी चालू होईपर्यंत स्क्रबरचं पाणी तळ्यात सोडायचं नाही.

दादाने त्या संध्याकाळी धाकट्याला हाक मारून जेवायला बसवलं. वहिनी वाढताना रडत होती. वाटलं, मिटलं सगळं.

पण कंपनीने हुकूम अक्षरशः पाळला. पाणी सोडायचं नाही ना? मग क्षार साचणार. क्षार साचले तर मनोरा खराब होणार. मग मनोरा बंद. विजेवाचून तर कोणाचं चालत नाही, त्यामुळे धुराला पूर्वीच्याच वाटेने जाऊ देण्याची तात्पुरती परवानगी मिळाली. धूर मनोऱ्याला टाळून सरळ धुराड्यात सोडणारी झडप धुणेवाल्याच्याच शिफ्टमध्ये फिरली. पांढरी वाफ विरळ झाली आणि तिच्या जागी पिवळट धूर बाहेर पडू लागला. तो वर गेलाच नाही. तो गावाकडे वळला.

लोकांना इतकी वर्षं काय भोगलं ते विसरायला झालं होतं. आता ते एकदम आठवलं. दोऱ्यांवरचं धुणं करपट वासाचं झालं, म्हातारी माणसं खोकू लागली, लिंबाची पानं गळाली. आणि राग कोणावर? केंद्राला कुंपण होतं, फाटकावर पहारेकरी होता. दोन भावांच्या ओट्याला ना कुंपण, ना पहारा. एका दुपारी शेजारपाजारच्या बायका आल्या आणि धुराने खराब झालेल्या चादरी, बाळांची लंगोटं, सगळं ओलं बोचकं त्यांनी ओट्यावर आणून आपटलं. "घ्या, धुणेवाल्यांचं घर आहे ना? धुवा आता!" त्यातली एक दर आठवड्याला दादाकडून मासे नेणारी होती. ती वहिनीला म्हणाली, "तुमच्या चार माशांपायी आमची पोरं मारता का?"

 बायका गेल्यावर वहिनीने ते सगळं धुणं बादलीत घातलं, घरात वाळवलं आणि घड्या घालून ज्याचं त्याच्या दारात ठेवून आली.

चहावाल्याने धुणेवाल्याला हाक मारणं सोडलं. पुढे दादाच्या होडीचा तळ कोणीतरी फोडला.

भिंगरीचा त्रास परत सुरू व्हायला किती दिवस लागले असतील? फार नाही. आधी शिट्ट्या, मग खोकला, मग एक दिवस ती शाळेतून आली ती दारातच बसली. ओठ पार निळे. धुणेवाला कामावर होता. त्याची बायको नुसती ओरडत होती. दादाने पोरीला उचललं आणि धावत सुटला. वाहन मिळेपर्यंत थांबलाच नाही. दवाखान्यात तिला प्राणवायू लावला तेव्हा तोही बाकावर कोसळला होता. धुणेवाला पोचला तो कामाच्या कपड्यांतच. बायको त्याच्या अंगावर धावून गेली.

"भाऊ तुमचा, मासे त्यांचे, सत्य तुमचं! आणि पोर? पोर माझी आहे! तिने कोणाचं काय केलं होतं?"

दादा बाकावर होता. त्याने ते ऐकलं.

पोरगी वाचली. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसायला लागली, आणि त्याच दिवशी दादा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून प्रदूषण खात्याच्या कचेरीत गेला. कोणाला काही न सांगता. तिथे त्याने आपली तक्रार मागे घेतली. अधिकाऱ्याने विचारलं, "का हो? तुमचं म्हणणं तर खरं निघालं."

"खरं आहे," दादा म्हणाला. "पण धूर धुवा. तळ्याचं राहू द्या."

हे नंतर त्या कचेरीतल्या शिपायाकडून कळलं. दादा स्वतः कधी बोलला नाही.

तोडगा लगेच निघाला, जणू कोणीतरी तो आधीच तयार करून ठेवला होता. पाणी सोडायला मुदतवाढ मिळाली, टाकी 'लवकरात लवकर' सुरू करायची अट घातली गेली, आणि तळ्याकाठी पाटी लागली: मासेमारीस मनाई. मासे खाऊ नयेत. मनोरा पुन्हा सुरू झाला. पांढरी वाफ परत आली, दोऱ्या पुन्हा बाहेर बांधल्या गेल्या. चहावाला एक दिवस कप पुढे सरकवत म्हणाला, "झालं गेलं विसरा, धुणेवाले." धुणेवाल्याने तो कप तसाच ठेवला आणि निघून आला. त्यानंतर तो चहा घरीच प्यायला लागला.

कंपनीने त्याला काढलं नाही. तो स्वतः साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "मला कोळशाच्या आवारात टाका. बापाचं काम द्या." साहेब म्हणाले, "वेडा आहेस का? तुझ्यासारखा हात मला कुठून मिळणार?" मग निदान त्या व्हॉल्व्हचं काम दुसऱ्याकडे द्या, असं त्याने विनवलं. साहेबांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. "ते तुझ्याच शिफ्टला येतं रे," म्हणाले. नोकरी सोडावी असं त्याच्या मनात कितीदा आलं असेल. पण तो सोडून गेला असता तर चाक दुसऱ्याने फिरवलं असतं. त्याने राहायचं ठरवलं ते या कारणाने की निव्वळ भीतीने, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

दादा आणि वहिनीने शहरात खोली घेतली. शहरात मासळीसाठी मोठं शीतगृह होतं, तिथे दादाला पेट्या वाहायचं काम मिळालं. जायच्या दिवशी त्याने जाळं नेलं नाही, विकलंही नाही. ते ओट्यावर तसंच गुंडाळलेलं राहिलं. धुणेवाल्याने सामान टेम्पोत चढवलं. शेवटची पेटी ठेवून तो खाली वाकला, दादाच्या पायाला हात लावायला, तेव्हा दादा चालकाशी काहीतरी बोलण्याच्या निमित्ताने पुढे गेला. वहिनीने तेवढा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. 

वर्षभराने तो एकदा शहरात गेला. शीतगृहाच्या मागच्या दारी, जिथे बर्फाचं पाणी सतत वाहत असतं, तिथे दादा रबरी बूट घालून उभा होता. चांगलाच वाकला होता. समुद्राच्या माशांच्या पेट्या एकावर एक चढवत होता. भावाला पाहून त्याने हातमोजे काढले आणि ते नीट घडी करून खिशात घातले.

"टाकी सुरू झाली?" एवढंच विचारलं.

"नाही अजून."

"व्हॉल्व्ह?"

धुणेवाल्याने मान खाली घातली.

"तूच?"

"मीच."

आतून कोणीतरी दादाला हाक मारली. त्याने "आलो" म्हटलं, पण लगेच गेला नाही. "तू येत जाऊ नकोस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. थकवा होता. "तुला बघितलं की मला तू प्यायलास तो प्याला दिसतो. काय करू? भिंगरीला पाठव. तिच्यावर माझा काही राग नाही."

"माझ्यावर आहे?"

"तुझ्यावर असता तर बरं होतं. भांडलो असतो." त्याने हातमोजे पुन्हा चढवले. "जा आता. बस चुकेल."

त्यानंतर प्रत्येक सुटीत भिंगरी आईबरोबर शहरात जाते. चांगली उंच झाली आहे, पळते, पोहायलासुद्धा शिकली, शहरातल्या तलावात. परत आली की धुणेवाला तिच्यासमोर बसतो आणि सगळं विचारतो. काका काय जेवतात, पाय सुजतात का, खोलीत ऊन येतं का. ती सांगत राहते. एकदा तिचं सगळं सांगून झालं तरी तो तिथेच बसून होता. मग त्याने विचारलंच, "माझ्याबद्दल काही विचारतात का गं?"

पोरीने आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"नाही," भिंगरी म्हणाली.

तो उठला. शिफ्टची वेळ झाली होती.